गादीखालचा एक्स-रे

१

बुधवारी सकाळी साडेसातला दिग्विजयचा फोन आला.

"मॅडम, आप्पांच्या पायात जीव न्हाय."

आप्पा म्हणजे त्याचे वडील. वय सत्याहत्तर, बंद पडलेल्या गिरणीतले जुने जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम. भवानी पेठेत माझा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. तिथे ते अकरा वर्षे पाठ घेऊन येत होते. चार महिन्यांपूर्वी यायचे बंद झाले.

मी रुग्णालयात पोचले तेव्हा एमआरआय झाला होता. पाठीचा अकरावा मणका खचून मज्जारज्जूवर आला होता. इंजेक्शने सुरू होती आणि दुपारी रेडिएशन द्यायचे ठरले होते. डॉक्टर म्हणाले, "पायात थोडी जाणीव शिल्लक आहे. उद्यापर्यंत काय होतं त्यावर त्यांचं चालणं ठरेल."

"काल संध्याकाळी त्या सुबोधकडं गेलते," दिग्विजय व्हरांड्यात दात आवळून बोलत होता. "कटाकट हाडं वाजवतो की तो, त्याच्याकडं. मला न सांगता. चालत घरी आले आन आज पाय हलंनात. मॅडम, तुमी ल्हून द्या. त्यानंच केलं म्हणून. पाचला पोलिसात अर्ज देणार हाय. आन त्याच्या आदी चिंचोळीची आमची पोरं त्याचा दवाखाना बघून येणार हायेत."

कसा बघून येणार, हे त्याच्या सोबत्यांकडे पाहून कळत होते. सहा जण होते. चिंचोळीच्या एमआयडीसीतली पहिली पाळी सोडून आले होते.

आप्पांना प्रोस्टेटचा कर्करोग होता आणि तो हाडांत उतरला होता. डॉक्टरांखेरीज हे तिघांनाच माहीत होते: दिग्विजय, त्याची बायको आरोही आणि मी. आप्पांना 'प्रोस्टेटची सूज' एवढेच सांगितले होते. "त्यांला कळलं तर हाय खातील," असे दिग्विजय म्हणाला होता, आणि मी मान हलवली होती.

सुबोधने माझ्याकडे सहा महिने उमेदवारी केली होती. नंतर कायरोप्रॅक्टिकचा कोर्स करून आला आणि सात रस्त्याजवळ दवाखाना थाटला. उचलता-पाडता येणारे टेबल, भिंतीवर कण्याचा सांगाडा, मोबाईलवर व्हिडिओ. दोन वर्षांत माझे एक तृतीयांश पेशंट त्याच्याकडे गेले. रस्त्यात भेटले की ते नजर चुकवतात. म्हणून त्या व्हरांड्यात दिग्विजयचे बोलणे ऐकताना माझ्या छातीत जे हलले, ते फक्त दुःख नव्हते. त्यात समाधानाचा एक कण होता. कण म्हणते, पण तो कणापेक्षा मोठा होता.

तेवढ्यात फोन वाजला. सुबोध होता. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती.

"मॅडम, मी एक्स-रे बघूनच हात लावला. शपथेवर सांगतो. मणके एकदम स्वच्छ होते."

मी आप्पांचा एक्स-रे पाहिलेला होता. चुन्याचे शिंतोडे उडावेत तसे त्यांचे मणके पांढरे डागाळले होते. स्वच्छ असणे शक्यच नव्हते.

एक तर सुबोध खोटे बोलत होता, नाहीतर त्याने भलत्याच माणसाचा कणा पाहिला होता.

२

दवाखान्याचे शटर अर्धे खाली ओढलेले होते. मी वाकून आत गेले. सुबोध त्या महागड्या टेबलाच्या कडेवर बसला होता. अंगावर कालचाच शर्ट होता.

"तुम्ही मत लिहून देणार आहात म्हणे."

"मागितलंय. अजून दिलेलं नाही. फोटो दाखव."

साठीपुढच्या प्रत्येकाला तो आधी व्हॉट्सअपवर चार प्रश्न पाठवतो आणि एक्स-रे मागवतो. आप्पांच्या नंबरवरून गेल्या गुरुवारी अकरा चाळीसला उत्तरे आली होती. कर्करोग आहे का? नाही. वजन उतरले आहे का? नाही. पडून राहिल्यावरही पाठ दुखते का? नाही. कोणती औषधे चालू आहेत? प्रोस्टेटची सूज आहे, त्याची गोळी.

शेवटचे उत्तर मला खटकले. का खटकले, ते कळायला दुपार झाली.

फोटोत कंबरेचा एक्स-रे खिडकीच्या गजांवर धरलेला होता. मागे नुसते आभाळ. खालच्या कोपऱ्यात, जिथे पेशंटचे नाव छापलेले असते, तिथे कुणाचा तरी डाव्या हाताचा अंगठा. नख मधोमध उभे चिरल्यासारखे दिसत होते, किंवा फिल्मवरचा ओरखडा असेल. मणके मात्र सुरेख, एकाखाली एक, कडा रेखीव.

"सत्याहत्तर वर्षांच्या माणसाचा असला कणा?"

"मला वाटलं, गिरणीत कष्ट केलेला माणूस. हाडं पक्की असतील." त्याची मान खाली गेली. "मूळ फिल्म मागायला हवी होती."

"व्हय, हवी होती." मी चिडले की माझ्याही तोंडी पेठ येते. "प्रोस्टेट, वय सत्याहत्तर, पाठदुखी. तीन शब्द एका कागदावर दिसले की हात खिशात घालायचे, सुबोध. हाडात कर्करोग असेल तर मणका वाळवी लागलेल्या चौकटीसारखा असतो. बाहेरून उभा, आतून भुसा. त्याला झटका देतात का?"

"माहितीय, मॅडम. हळू हात फिरवणं, श्वासाचे व्यायाम, तेही त्यांच्या डॉक्टरांना विचारून. झटका कधीच नाही. तुमच्याकडेच शिकलो."

हे शेवटचे वाक्य मी दोन वर्षे ऐकायची वाट पाहत होते. त्या दिवशी ते ऐकून काहीच बरे वाटले नाही.

मी फोटो मोठा केला. खालच्या कडेला, कमरेच्या हाडांच्या मधोमध, इंग्रजी टी अक्षरासारखी एक बारीक पांढरी खूण होती.

"ही काय?"

"फिल्मवरची खूण असेल. मी मणकेच बघत होतो."

"सुबोध, ही तांबी आहे."

त्याला क्षणभर कळलेच नाही. मग त्याचे तोंड उघडे राहिले. पाळणा लांबवण्यासाठी बायकांना बसवतात ती तांबी.

आप्पांच्या नावाने आलेला कणा एका बाईचा होता. आणि त्या घरात बाई एकच होती.

३

आरोही रुग्णालयात नेण्यासाठी भाताचा डबा भरत होती. ती बालवाडीत शिकवते. मी फोटो तिच्यापुढे धरला, तशी तिने डबा खाली ठेवला. दोन्ही कान लाल झाले.

"हे तुमच्याकडं कसं आलं?"

"तुझाच ना?"

"गेल्या वर्षी कंबर धरली होती तेव्हाचा." ती तरातरा आप्पांच्या खोलीत गेली आणि त्यांच्या पलंगाची गादी उचलली. आमच्याकडे बहुतेक घरांत एक्स-रे गादीखालीच ठेवतात, वळू नयेत म्हणून. खाली लग्नपत्रिका होत्या, विजेची जुनी बिले होती आणि पिवळे पाकीट होते. एक्स-रे पाकिटात होता, पण उलट्या बाजूने घातलेला.

"आणि आप्पांचा खरा?"

ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. ज्वारीच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून तिने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फाईल वर काढली. कर्करोग त्या घरात ज्वारीखाली ठेवला होता.

"आप्पा फाईल मागायचे. आम्ही म्हणायचो, दवाखान्यातच राहिली. एकदा म्हणाले, येवढी का लपवालाव? माझं काय चोरीचं हाय का?"

"गुरुवारी अकरा चाळीसला घरी कोण होतं?"

"मी शाळेत. हे पाळीला. आप्पा एकटे. पण दर गुरुवारी धुळाप्पा येऊन बसतात. त्यांचे दोस्त." तिचा आवाज कडक झाला. "त्यांनीच नादी लावलं. स्वतः त्या सुबोधकडं जाऊन ताठ झाले आणि उठताबसता आप्पांना टोचायला लागले. कालही तेच रिक्षात घालून घेऊन गेले."

"आप्पा स्वतः फोटो काढू शकतात?"

"छे! फोन उचलायचं कसंबसं येतं."

दारात दिग्विजय उभा होता. कधी आला ते कळले नव्हते. त्याने आधी एक्स-रेकडे पाहिले, मग बायकोकडे.

"तुजा फोटू? तूच पाटवलास व्हय?"

"मी कशाला पाठवू?"

"वैतागली हुतीस की! म्हणत हुतीस न्हवं, मी रोज पाय चेपते आन नाव देवयानी मॅडमचं?"

आरोहीने माझ्याकडे पाहिले. माझ्यासमोर हे निघायला नको होते, पण निघाले.

"म्हणत होते," ती हळू म्हणाली. "सात वर्षं पाय चेपले. एकदा म्हणाले नाहीत, बरं वाटलं पोरी. मॅडमच्या हाताला गुण, मॅडमच्या हाताला गुण. राग यायचा तुमचा. पण त्यासाठी मी माणसाला पांगळं करीन?"

ती रडली नाही. डब्याचे झाकण लावत राहिली. ते तीनदा लावले तरी बसेना.

मी पलंगाजवळच्या खिडकीशी गेले. उभे राहून पाहिले तर समोरच्या घराचे पत्रे आणि त्यावर वाळत घातलेल्या मिरच्या दिसत होत्या. पलंगाच्या कडेवर बसून पाहिले. पत्रे गेले, नुसते आभाळ उरले. फोटोत होते तसेच.

फोटो काढणारा उभा नव्हता. आणि घड्याळात दोन वाजले होते.

४

धुळाप्पा रुग्णालयाच्या फाटकाबाहेर, चहाच्या गाड्यापाशी उभे होते. दिग्विजयने त्यांना आत सोडले नव्हते. वय एकोणऐंशी, आप्पांपेक्षा दोन वर्षांनी मोठे, आणि सागाच्या खांबासारखे सरळ.

"बाई, माजा दोस्त कसा हाय?"

"पाय हलत नाहीत. मामा, खरं सांगा. गुरुवारी सकाळी तुम्ही आप्पांच्या घरी होता?"

"न्हाय वो. लेकीसंगट अक्कलकोटला गेल्तो. हे बगा की." त्यांनी मोबाईल पुढे केला. देवळाबाहेर छाती काढून उभे असलेले धुळाप्पा. खाली लिहिले होते: 'बघ कसा हुबा हाय. तू कवा?' आप्पांना पाठवलेला. वेळ अकरा बत्तीस.

सुबोधला एक्स-रे गेला अकरा चाळीसला. मध्ये आठ मिनिटे.

"असले फोटो रोज पाठवायचात?"

"रोज." त्यांचा आवाज बारीक झाला. "गिरणीपासनं आमची इर्षा. त्याचा माग जास्त पळायचा. जॉबर तो झाला, मी ऱ्हायलो. मग म्हातारपणी येकदाच मी फुडं गेलो, बाई. तळ्यावर कट्ट्याची पोरं... पोरं कसली, समदी सत्तरीची... वाकला म्हणून त्याला विळा म्हणाया लागली. मी बी हसलो. म्हटलं, तुजा ल्योक कंजूष हाय, तुजा एक्स-रेच देत न्हाय. लई बोललो."

"त्यांना नेमकं काय झालंय, ठाऊक आहे?"

"प्रोस्टेट का काय, त्याची सूज. आन पाट वाकली. म्हातारपण. दुसरं काय?"

त्या क्षणी ते खटकलेले उत्तर माझ्यापुढे उलगडले.

"मामा, आप्पाही तुम्हाला फोटो पाठवायचे का?"

"पाटवायचा की! मीच शिकवलं त्याला. घरात सांगू नगं म्हणायचा, न्हायतर ते बी काडून घेत्याल. मी देऊळ पाटवलं की त्यो जास्वंद पाटवायचा. हातात धरूनच काडतो फोटू. हे शुक्रवारचं."

पडद्यावर एक पेरू होता. खाली शब्द होते: 'मी बी मंगळवारी.' पेरू धरलेल्या डाव्या अंगठ्याचे नख मधोमध उभे चिरलेले होते.

"हे नख?"

"मागावरचा धोटा सुटून बसला हुता. शहात्तर साली. मीच दवाखान्यात नेलता त्याला."

अकरा वर्षे मी आप्पांची पाठ पाहिली होती. पालथ्या झोपलेल्या माणसाचे हात खाटेखाली लोंबत असतात. ते मी कधी पाहिलेच नव्हते.

५

रेडिएशन आटोपून आप्पांना वॉर्डात आणले होते. साडेतीन वाजले होते. मी आरोही आणि दिग्विजयला व्हरांड्यात थांबवले. सहा जण जिन्यात उभे होतेच.

"दिग्विजय, सुबोधला फसवणाऱ्याने लिहिलंय, 'प्रोस्टेटची सूज, त्याची गोळी.' ज्याला कर्करोग लपवायचा असेल, तो प्रोस्टेट हा शब्द तरी लिहील का?"

त्याने नाही अशी मान हलवली.

"तो शब्द खऱ्या मनाने लिहिलाय. म्हणजे लिहिणाऱ्याला सूजच आहे असं वाटत होतं. तुम्हा दोघांना तसं वाटत नव्हतं आणि मलाही नाही. उरले दोघं. धुळाप्पा अक्कलकोटला होते. शिवाय फोटो पलंगावर बसून काढलाय, आणि अंगठ्याचं नख चिरलेलं आहे."

आरोहीने तोंडावर पदर घेतला. दिग्विजयला वेळ लागला.

"आप्पा? स्वतः? कशापायी?"

"चल, त्यांनाच विचारू."

आप्पा छताकडे बघत होते. मी शेजारी बसले आणि त्यांचा डावा हात हातात घेतला. चिरलेले नख माझ्या तळव्याला लागले.

"गावला म्हणा की चोर," ते म्हणाले.

"का केलंत, आप्पा?"

"मग काय करायचं हुतं? माजी फाईल मला दावत न्हाईत. पोरगं म्हणतंय गरज न्हाय. तुमी बी हात आखडला, मॅडम. आदी वजनं लावून पाट ताणायचा, रेटून दाबायचा. मग निस्तं कुरवाळाया लागला. मी म्हटलं, समद्यांनी मला मोडीत काडलंय. आन तितं धुळ्या बघा! माज्याहून म्हातारा. ताठ चालालाय. त्याची पाट दुरुस्त हुती आन माजीच कशी हुईना?" त्यांना दम लागला. "गादीखाली एक चांगला कणा घावला. म्हटलं, ह्योच धाडू. वजन उतरलं, पडलं तरी दुकतंय, ते बी न्हायच सांगितलं, न्हायतर त्यानं हात लावला नसता. सुनंचा हाय ते ठावं न्हवतं बगा. नाव विंग्रजीत हुतं."

आरोहीला हसू आणि रडू एकदम आले.

"आणि कर्करोगाला 'नाही' लिहिलंत."

"मग? ते तर खरंच लिवलं."

आरोहीचे हसू तिथेच थांबले. आप्पांनी एकेकाकडे पाहिले. माझ्याकडे, मग सुनेकडे, शेवटी मुलाकडे आणि तिथेच थांबले. गिरणीत चाळीस माग एकट्याने ऐकणारा माणूस तो. एखादा माग बंद पडला की त्याला न बघता कळायचे.

"दिग्या," ते म्हणाले, "ज्वारीत काय हाय? पिंपात हात घालताना ती दोनदा मला बघून दचाकली."

दिग्विजयने मान फिरवली. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सांगायचे त्यानेच होते. तो वाकला, बापाच्या कानाशी गेला आणि कसाबसा सगळे बोलला. रोगाचे नाव, तो हाडात उतरला आहे ते आणि दीड वर्ष लपवले तेही.

आप्पांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग त्यांनी विचारले, "धुळ्याला हाय का ह्ये?"

"नाही, आप्पा," मी म्हणाले.

"तरीच." त्यांनी डोळे मिटले. "मंग त्याच्यासंगट माजी बरोबरीच न्हवती. कुणी सांगितलं असतं तर कशाला पळालो असतो मी?"

दिग्विजय बाहेर गेला. जिन्यातून त्याचा आवाज आला, "जावा रं, दुसऱ्या पाळीला तरी जावा." सहा जोड्या चपला खाली उतरत गेल्या.

पाच वाजता मी मत लिहून दिले. सुबोधच्या नावावर मूळ फिल्म न पाहता झटका दिल्याचा दोष लिहिला. तो त्याने मान्य केला आणि स्वतः सही केली. पण कागदावर पहिले नाव त्याचे नाही. पेशंटपासून त्याचा आजार लपवायला संमती देणारी, आणि उपचार का बदलले ते त्याला न सांगणारी फिजिओथेरपिस्ट, असे लिहून मी आधी माझे नाव घातले. दिग्विजयने कागद दोनदा वाचला, घडी केली आणि खिशात ठेवला. पोलिसात गेला नाही. का, ते मी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला धुळाप्पांना आत सोडले. मी आणि आरोही आप्पांच्या पायथ्याशी होतो. लांबलचक वॉर्डाच्या दारातून एक म्हातारा कमरेत पार वाकून, गुडघ्यांवर हात ठेवत, कण्हत कण्हत येत होता. मला आधी ओळखूच आले नाही.

आप्पांनी मान किंचित उचलली.

"सरळ चाल की, सोंगाड्या!"

धुळाप्पा तसेच वाकून उभे राहिले. त्यांच्या नाकावरून थेंब फरशीवर पडत होते.

"सरळ हो म्हणतो न्हवं! न्हायतर घालीन येक लाथ."

आरोहीने माझे मनगट घट्ट धरले. मी तिच्या नजरेच्या रोखाने पाहिले. चादरीखाली उजव्या पायाचा अंगठा हलला होता. थोडासाच, पण दोनदा.